जुनी .२७५ रिग्बी साडेनऊ लाखांना सांगतायत, घ्यावी का?

मिरजेच्या एका दादांनी विचारलंय की साताऱ्याकडच्या एका जुन्या घरात रिग्बी या लंडनच्या बंदूक कंपनीची .२७५ बोल्ट रायफल (हातानं मागंपुढं सरकवायच्या खिट्टीची) आहे, चामड्याच्या पेटीसकट साडेनऊ लाख सांगतायत, घरचे म्हणतात १९०८ साली पणजोबांना एका संस्थानिकांनी भेट दिली आणि जिम कॉर्बेटकडं होतं तेच हे मॉडेल, दादांच्या परवान्यावर अजून एका शस्त्राची जागा रिकामी आहे, तर किंमत बरोबर आहे का. सोबत सात फोटो पाठवलेत. मी साताऱ्यात चौतीस वर्षं बंदुका दुरुस्त करतोय, माझ्याआधी वडील करायचे, घराण्यांच्या वाटण्या निघाल्या की किंमत काढायला पण मलाच बोलावतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो कारण हाच प्रश्न वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो.

आधी सरळ उत्तर देतो. फोटोत जी रायफल दिसतेय तिला साडेनऊ लाख जास्त आहेत, बरेच जास्त. पण रायफल टाकाऊ नाहीये, नीट बघून, नीट बोलून घेतली तर घेण्यासारखी आहे. आता का ते सांगतो.

लोक जुन्या रायफलीची किंमत ठरवताना नाव आणि गोष्ट इथून सुरुवात करतात. नाव मोठं, गोष्ट मोठी, म्हणजे आकडा मोठा. मी गोष्ट पूर्ण ऐकून घेतो, घरच्यांनी दिलेला चहा घेतो, आणि मग ती गोष्ट बाजूला ठेवून बंदूक हातात घेतो. तिच्यावर काय कोरलंय, काय घासलंय, कुठला स्क्रू कुणी फिरवलाय, काय बदललंय हे सगळं वाचून झालं की मग बघायचं, घरच्यांची गोष्ट याच्याशी जुळते का. जुळली आणि कागदानं पण सिद्ध झाली तर त्या गोष्टीचे पैसे खुशाल द्यावेत, तिला खरंच किंमत असते. जुळली नाही तर नुसत्या लोखंड-लाकडाचे द्यावेत.

तुमचा तिसरा फोटो मोठा करून बघा. नळीवर कंपनीच्या नावापुढं पत्ता आहे, ४३ सॅकव्हिल स्ट्रीट, लंडन. १९०८ साली रिग्बीचं दुकान तिथं नव्हतं, तेव्हा ते ७२ सेंट जेम्स स्ट्रीटला होतं, सॅकव्हिल स्ट्रीट नंतरचा पत्ता. म्हणजे एकतर ही रायफल १९०८ ची नाही, किंवा रायफल तेव्हाची आहे आणि नळी नंतर कंपनीकडून बदलून आणलीय, किंवा घरात साल इकडचं तिकडं झालंय. मला तिसरी शक्यता जास्त वाटते, चार पिढ्या तोंडी सांगितलेल्या गोष्टीत साल सरकतंच, त्यात घरच्यांना खोटं ठरवायचं काही कारण नाही. पण तुम्ही पैसे देताय १९०८ च्या भेटीचे, आणि नळी काहीतरी वेगळं बोलतेय. हे विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका.

कॉर्बेटचं पण सांगून टाकतो कारण .२७५ रिग्बी विकणारा प्रत्येक माणूस हे नाव घेतोच. कॉर्बेटना ती रायफल चंपावतची नरभक्षक वाघीण मारली म्हणून १९०७ साली मिळाली, संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी दिली, आणि दस्त्यावर, म्हणजे रायफलीच्या लाकडावर, चांदीची पट्टी बसवून त्यावर हे सगळं कोरलेलं आहे. ती रायफल आता रिग्बी कंपनीनं स्वतः परत मिळवलीय. तिची किंमत आहे ती त्या पट्टीमुळं, कागदांमुळं आणि त्या माणसामुळं. तसल्याच मॉडेलची दुसरी रायफल म्हणजे तसल्याच मॉडेलची दुसरी रायफल. मॉडेल चांगलं आहेच, मागणी पण आहे, पण कॉर्बेटच्या नावाचा एक रुपया सुद्धा त्यात धरू नका.

आता कागद म्हणजे कुठला कागद. रिग्बी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स, पर्डी या लोकांनी त्यांच्या जुन्या वह्या जपून ठेवल्यात. सिरीयल नंबर कळवला आणि फी भरली की वहीत काय लिहिलंय ते पत्रानं कळवतात, कुठल्या साली विकली, मूळ बोअर, म्हणजे नळीच्या आतलं माप, काय होता, नळी किती इंच होती आणि बऱ्याचदा कुणाला विकली ते पण. त्या एका पत्रानं तुमची पणजोबांची गोष्ट उभी राहील नाहीतर पडेल. वहीत एखाद्या संस्थानिकांचं नाव निघालं तर मी स्वतः तुम्हाला सांगेन की आकडा वाढवा. विकणाऱ्याला म्हणा पत्र येईपर्यंत थांबा, थोडं बयाणं देतो. जो माणूस पत्राला नको म्हणतो आणि दोन दिवसांत व्यवहार करा म्हणतो, तिथं मी थांबतो. विंचेस्टरचं असलं तर अमेरिकेत वायोमिंगला कोडी नावाच्या गावातल्या म्युझियमकडं कारखान्याच्या जुन्या नोंदी आहेत, तिथून पण पत्र मिळतं, सगळ्या नंबरांचं नाही पण बऱ्याच.

मग ठोकलेले मार्क. इंग्लंडमधली प्रत्येक नळी विकायच्या आधी प्रूफ हाऊसमध्ये जास्तीचा बार भरून तपासायची असा तिथला कायदा, लंडनचं एक आणि बर्मिंगहॅमचं एक, बर्मिंगहॅमचं १८१३ पासूनचं. लंडनच्या नायट्रो, म्हणजे बिनधुराच्या दारूच्या, मार्कमध्ये तलवार धरलेला हात असतो आणि खाली एन पी. बर्मिंगहॅमच्या १९०४ नंतरच्या मार्कमध्ये मुकुटाखाली बी पी, बी व्ही, आणि मुकुटाखाली बी एन पी दिसलं तर ते १९५४ नंतरचं. लंडनच्या कंपनीची १९१० ची रायफल म्हणून कुणी दाखवतोय आणि नळीच्या मुळाशी बी एन पी आहे, तर नळी नंतर बदललीय किंवा पुन्हा प्रूफला गेलीय, दोन्हीत किंमत बदलते. अंडाकृतीत ई एल जी म्हणजे बेल्जियमचं लीएज. असले मार्क बंदूक बंद असताना निम्मे दिसत नाहीत, दस्ता उतरवावा लागतो, आणि विकणाऱ्यानं दस्ता उतरवू दिला नाही तर मी किंमत सांगतच नाही.

अ‍ॅक्शन, म्हणजे काडतूस भरून उडवायची यंत्रणा, पण बघा. रिग्बी १८९८ च्या आसपासपासून १९१२ पर्यंत माऊझरचे ब्रिटनमधले एकमेव एजंट होते, त्यांच्या बोल्ट रायफलींचं मूळ जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फच्या कारखान्यातलं, .२७५ म्हणजे पण मुळात जर्मन ७ बाय ५७ काडतूसच. पुढं लष्करी माऊझर घेऊन त्यावर नवी नळी, नवा दस्ता चढवून विकायचा धंदा जगभर चालला. ओळखायचं कसं, तर लष्करी माऊझरच्या डाव्या भिंतीला अंगठा आत जाण्यासाठी एक खाच असते, शिपायाला क्लिपनं पाच काडतुसं खाली दाबायची असतात म्हणून. शिकारीसाठी बनवलेल्या बहुतेक अ‍ॅक्शनला ती खाच नसते. खाच दिसली म्हणून लगेच खोटी ठरवू नका, पण नंबर जुळवायचं काम तिथूनच सुरू करा. बोल्टवरचा नंबर, रिसीव्हरवरचा, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या भागावरचा नंबर, नळीखालचा नंबर, मॅगझिनच्या खालच्या पट्टीवरचा. तुमच्या पाचव्या फोटोत बोल्टचा नंबर अर्धा दिसतोय, शेवटचे दोन आकडे नळीशी जुळत नाहीयेत असं मला वाटतंय, प्रकाश पडल्यानं चुकत पण असेन, म्हणून तो फोटो परत मागवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुसऱ्या फोटोत रिसीव्हरच्या डोक्यावर दोन छोटे गोल ठिपके आहेत. ते स्क्रू आहेत. कधीतरी कुणीतरी दुर्बीण बसवायला भोकं पाडली, नंतर दुर्बीण काढली आणि भोकं बुजवली. पन्नास-साठच्या दशकात असं खूप झालं, तेव्हा ही जुनी रायफल नव्हतीच, वापरातली वस्तू होती, आणि मालकाला संध्याकाळच्या उजेडात नीट दिसायला हवं होतं. त्याचं काही चुकलं नाही. पण संग्रह करणाऱ्याच्या नजरेत दोन भोकांनी रायफलीची बरीच किंमत जाते, आणि भोकं परत येत नाहीत, वेल्डिंग करून घासून पॉलिश मारली तरी जिथं मूळ अक्षरं होती तिथली धार गेलेली असते.

धारेवरून आठवलं, हे फोटोत कळत नाही, हातानंच कळतं. कोरलेल्या अक्षरावरून नखाची कड फिरवा. मूळ अक्षराची कड नखाला लागते, बफ मारलेल्या अक्षरावरून नख घसरतं. स्क्रूच्या भोवती जरा खोलगट झालंय का बघा, कापडाच्या चाकावर पॉलिश मारली की भोकाच्या कडा बशीसारख्या आत बसतात. लाकूड आणि लोखंड जिथं मिळतं तिथं बोट फिरवा, नवीन रायफलीचं लाकूड लोखंडापेक्षा केसभर वर असतं, कुणी सॅंडपेपर मारून दस्ता नवा केला असेल तर लाकूड खाली गेलेलं लागतं. आणि स्क्रूंच्या खाचा. लंडनच्या चांगल्या कामात स्क्रूची खाच इतकी बारीक असते की आपल्याकडचा कुठलाच स्क्रू ड्रायव्हर तिच्यात बसत नाही, मी माझे स्वतः घासून बनवलेत. खाचेच्या कडा चावल्यासारख्या दिसल्या म्हणजे कुणीतरी घरगुती हत्यारानं आत शिरलंय, मग आत काय केलं असेल ते शोधायचं.

वाईजवळच्या एका वाड्यातली गोष्ट सांगतो, सहा-सात वर्षं झाली. डबल, म्हणजे दोन नळ्यांची रायफल होती, वेस्टली रिचर्ड्सची, घेणारे कराडचे, मला बघायला घेऊन गेले. पेटी उघडली तर नळ्या काळ्याभोर, आरशासारख्या, घेणाऱ्यांचे डोळे तिथंच फिरले. मला ती चमकच खटकली. जुन्या काळचं ब्ल्यूइंग म्हणजे गंज चढवायचा, उकळायचा, घासायचा, परत गंज चढवायचा, असं आठ-दहा दिवस, त्याचा रंग खोल असतो पण आरशासारखा नसतो. आरशासारखा रंग येतो तो गरम क्षारांच्या टाकीत बुडवून. एका बोल्ट रायफलीला तसं केलं तर रंग गेला एवढंच, पण डबलच्या दोन नळ्या आणि मधल्या पट्ट्या एकमेकींना शिशाकथलाच्या डाकानं जोडलेल्या असतात, आणि ते गरम क्षार त्या डाकालाच खातात. मी फोरएंड, म्हणजे नळ्यांखालचं पुढचं लाकूड, काढला, नळ्या उतरवल्या, हुकात बोट घालून उभ्या लोंबकळत धरल्या आणि मुठीनं हलकी टिचकी मारली. चांगल्या नळ्या घंटेसारख्या वाजतात, बराच वेळ घुमतात. या वाजल्या तशा फुटकं मडकं वाजतं. बाहेरून दिसत काहीच नव्हतं. आत पट्ट्या सुटायला लागल्या होत्या, त्या नळ्या परत जोडायच्या आणि दोन्ही नळ्या एकाच जागी मारतील अशा जुळवायच्या म्हणजे इंग्लंडला पाठवायचं काम, आणि पाठवायचं म्हणजे परवानग्यांचा डोंगर. कुणीतरी चांगल्या भावनेनं, विकायच्या आधी जरा चमकवून घेऊ म्हणून, दहा-बारा हजारात लाखांची वस्तू मारून टाकली होती. वाड्यातल्या आजी माझ्याकडं बघत होत्या, मला त्यांना सांगताना फार जड गेलं.

म्हणून विकणाऱ्यांना पण हात जोडून सांगतो, विकायच्या आधी काही करू नका. पॉलिश नको, वॉर्निश नको, ब्रासो तर अजिबात नको. कापडाला थोडं तेल, बस.

इथं एक फरक लक्षात ठेवा, ब्रिटिश आणि अमेरिकन मालाचा हिशोब वेगळा चालतो. ब्रिटिश रायफल तिच्याच कंपनीनं परत रंगवून दिली असेल आणि त्याची नोंद असेल तर फारसं बिघडत नाही, तिकडं दर काही वर्षांनी बंदूक कंपनीकडं सर्व्हिसिंगला पाठवायची रीतच होती. अमेरिकन संग्राहक मात्र मूळ रंगासाठी अडून बसतात, विंचेस्टर रंगवली की संपली. विंचेस्टर मॉडेल ७० चं तर सालच ठरलेलं आहे, १९६४ ला कंपनीनं खर्च वाचवायला बनवायची पद्धत बदलली, त्याआधीची आणि नंतरची यात लोक मोठा फरक करतात, आणि तो फरक खरा आहे, हातात घेतली की बोल्ट सरकताना कळतं.

आता तुमच्या रायफलीची पेटी. विकणारे तिला दागिना म्हणून दाखवतायत आणि चांगली मूळ पेटी, आत कंपनीचं लेबल असलेली, खरंच दोन पैसे वाढवते. पण रायफल वर्षानुवर्षं त्या पेटीतच होती का ते विचारा. आपल्याकडं महाबळेश्वर, पाचगणी, कोयनेच्या बाजूला चार महिने हवेत पाणी असतं, चामडं आणि आतलं लोकरी कापड ते ओढून घेतं आणि लोखंडाला देत राहतं. वरून तेल पुसलेलं असतं म्हणून दिसत नाही, दस्ता उतरवला की लाकडाच्या रेषेखाली, जिथं कापड कधी पोचलंच नाही, तिथं गंजाचे खड्डे असतात. मी एकदा असा दस्ता उचलला तर नळीच्या खालच्या अंगाला करंगळीचं नख बसेल एवढे खड्डे होते आणि वरच्या अंगाला मूळ रंग शाबूत. तीच रायफल, अर्धी लाखाची, अर्धी भंगाराची. वारसांचं भांडण चालू असताना ती अकरा वर्षं एका ठिकाणी जमा होती, कुणी पेटी उघडलीच नव्हती.

नळीच्या आतलं तर सगळेच बघतात पण बघायची रीत चुकते. ट्यूबलाईटकडं धरून आत चमकतंय म्हणतात. तेल असलं की चमकणारच, आधी गज मारून तेल काढा, सुकं करा, मग बघा. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्यातून क्षार सुटायचा, मिठासारखाच, हवेतलं पाणी ओढणारा, म्हणून जुने शिकारी संध्याकाळी मुक्कामाला आले की उकळतं पाणी नळीतून ओतायचे. ज्यांनी ओतलं त्यांच्या नळ्या आजही कडा धरून आहेत, ज्यांनी नुसतं तेल मारलं त्यांच्या नळ्यांत, विशेषतः काडतुसाच्या पुढच्या चार-पाच इंचांत, रायफलिंगच्या, म्हणजे आतल्या पिळदार खाचांच्या, कडा गोल झालेल्या आणि तळ काळा खडबडीत दिसतो. नळीच्या तोंडाला गोळी घालून बघायची पद्धत पण आहे, पण ते घरी करू नका, मापाचं काम जाणकाराकडून करून घ्या. आणि कितीही चांगली दिसली तरी तपासणी झाल्याशिवाय एक बार सुद्धा काढू नका, हे मी रागावून सांगतोय असं समजा.

नकली मालाबद्दल थोडं सांगतो कारण आपल्या भागात फौजी घरं खूप, आणि सरहद्दीवरून आणलेल्या वस्तू भिंतीवर असतात. एका घरात मार्टिनी-हेन्री, म्हणजे ब्रिटिश फौजेची जुनी रायफल होती, नळीत शिसं ओतून बंद केलेली, नुसती शोभेची. मुलाला कुणीतरी सांगितलं होतं राणीच्या काळची आहे, लाखभर येतील. अ‍ॅक्शनवर मुकुट, खाली व्ही आर, म्हणजे व्हिक्टोरिया राणी, आणि त्याखाली साल १९०५. राणी गेली जानेवारी १९०१ ला. शिवाय एन्फील्ड या सरकारी कारखान्याच्या नावातला एन उलटा ठोकलेला. सरहद्दीकडच्या दर्रा आदमखेलसारख्या गावांत कारागीर हातानं अशा रायफली बनवायचे, समोर असली ठेवून बघून ठोकायचे, अक्षरं वाचता येत नसायची म्हणून उलटी व्हायची. त्यातलं हातकाम मला फार आवडतं, खरंच, पण ती राणीच्या काळची एन्फील्ड नव्हे, आणि एन्फील्डची किंमत तिला नाही. ठासणीच्या आणि तोड्याच्या बंदुकांत तर याहून जास्त होतं, जुन्या साध्या नळीवर नवीन सोनेरी तारकाम करून मराठेशाहीतली म्हणून विकतात, कान बघा, म्हणजे बत्ती द्यायचं छिद्र, ज्या बंदुकीनं खरंच बार काढलेत तिचा कान खाल्लेला आणि भोवतालचं लोखंड जळकं असतं. डोळा बसवायचा असेल तर कोल्हापूरच्या नवीन राजवाड्यातल्या आणि साताऱ्याच्या शिवाजी महाराज संग्रहालयातल्या वस्तू शांतपणे, दोन-तीन वेळा जाऊन बघा, खऱ्या वस्तूची झीज कुठं असते ते कळतं.

दुर्मिळ या शब्दाचं पण ऐकून ठेवा. नेपाळमध्ये जनरल गहेंद्र शमशेर राणांनी बनवलेली एक रायफल होती, मार्टिनीसारखीच दिसणारी, हातानं बनवलेली, नेपाळबाहेर जवळजवळ कुणी पाहिलेली नव्हती. २००३ साली काठमांडूच्या जुन्या राजवाड्यातला सगळा शस्त्रसाठा अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी विकत घेतला आणि त्या रायफली ढिगानं बाजारात आल्या. काल जी स्वप्नात होती ती आज साध्या माणसाला परवडायला लागली. दुर्मिळ असणं वेगळं आणि कुणाला तरी ती हवी असणं वेगळं, किंमत या दुसऱ्या गोष्टीवर ठरते. मला एखादी अगदी एकमेव अशी बंदूक आणून दाखवतात, तिचं काडतूस साठ वर्षांपूर्वी बंद झालेलं, तिला घेणारा पण एकच असतो आणि तो भेटायला दहा वर्षं लागतात.

आपला बाजार तर आणखी वेगळा आहे. १९८० च्या दशकापासून सामान्य माणसाला बाहेरून बंदूक आणणं जवळजवळ बंदच आहे, म्हणून जे देशात आहे तेच फिरत राहतं आणि त्याची किंमत लंडन-अमेरिकेच्या किमतीशी लावून चालत नाही. लोक तिकडच्या लिलावाचे आकडे मोबाईलवर दाखवतात, त्यात पण मागितलेली किंमत दाखवतात, विकली गेलेली नाही. आणि तिकडं चांगल्या स्थितीतल्या वस्तूचा आकडा इकडच्या भोकं पाडलेल्या वस्तूला लावतात. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यात येते, ती परदेशात नेऊन विकता येत नाही, म्हणजे तिकडचा भाव तुम्हाला कधी मिळणारच नाहीये. तुमचा गिऱ्हाईक म्हणजे इथलाच, परवाना असलेला, जागा रिकामी असलेला माणूस. आणि तशी माणसं २०१९ नंतर कमी झालीत, कायदा बदलला आणि एका माणसाला तीनच्या जागी दोनच शस्त्रं ठेवता येतात, वारशानं आलेली धरून. तेव्हा बऱ्याच घरांतून तिसरी बंदूक बाहेर पडली आणि मी स्वतः बघितलंय की चांगल्या वस्तू कमी पैशात गेल्या. विकणाऱ्याची घाई कशामुळं आहे ते कळलं की बोलणं सोपं जातं, पण घाईचा गैरफायदा घेऊन आजीबाईला फसवू नका, खरी किंमत सांगा आणि तिथून बोला.

कागदोपत्री दोन-तीन गोष्टी पक्क्या करा. बोअर परवानगीतला आहे का, कारण .३०३ लष्करी बोअर म्हणून आपल्याकडं बंद आहे, त्याच .३०३ ली-एन्फील्डच्या पद्धतीवर ईशापूरचा कारखाना सामान्य माणसासाठी .३१५ बनवतो. कुणी मस्त शिकारी .३०३ स्वस्तात देतोय म्हणाला तरी ती तुमच्यासाठी नाही. विकणाऱ्याचा परवाना चालू आहे का, त्यावर यूआयएन, म्हणजे परवान्याचा ओळख नंबर, आहे का, आणि रायफलीवरचा नंबर परवान्यावरच्या नंबराशी अक्षरन् अक्षर जुळतो का, एक आकडा इकडचा तिकडं असला तरी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत प्रकरण अडकतं. विकायच्या आधी त्यांनी लेखी कळवून पंचेचाळीस दिवस जाऊ द्यावे लागतात, त्याच दिवसांत तुमचं लंडनचं पत्र पण येईल. आणि घरात वाघाचं कातडं असेल, रायफलीबरोबर घेऊन जा म्हणाले तर हात लावू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याची विक्री गुन्हा आहे. रायफलीचा पुरावा म्हणून जुना फोटो असेल तर तो मागा, मागं काही लिहिलेलं असेल तर सोनं.

काडतुसाचा पण विचार करा. .३१५ चं आपल्याकडं बनतं, .२७५ चं बाहेरून आलेलं शोधावं लागतं आणि जेव्हा मिळतं तेव्हा महाग मिळतं. रेंजवर वापरायची असेल तर हा खर्च वर्षानुवर्षं आहे, नुसती ठेवायची असेल तर प्रश्न नाही.

तर हिशोब कसा करायचा. मी आधी ठरवतो, हीच रायफल, याच बोअरची, चालू स्थितीतली, पण साध्या नावाची असती तर आज इथं किती मिळाले असते. तुमच्या बाबतीत मी ते तीन लाख धरतो. त्यावर रिग्बीच्या नावाचे, नंबर सगळे जुळले आणि नळी-अ‍ॅक्शन मूळची निघाली तर अजून तीन. मूळ रंग, मूळ दस्ता, न छेडलेले स्क्रू असते तर अजून दोन, ते मी देणार नाही कारण दस्त्याला सॅंडपेपर लागलेला मला चौथ्या फोटोत पण दिसतोय, मुठीजवळ पकडीसाठी कोरलेली जाळी मधेच सपाट झालीय. भोकांचे दीड लाख वजा. पेटी चांगली असेल, लेबल असेल तर तीस-चाळीस हजार. म्हणजे सगळं ठीक निघालं तर पाच लाखांच्या आसपास, नंबर जुळले नाहीत तर साडेतीनच्या वर नाही, आणि वहीत संस्थानिकांचं नाव आलं तर मी हा हिशोब फाडून नव्यानं करेन, कारण मग भोकं असून सुद्धा ती वेगळी वस्तू होते. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, आमच्या भागातले, पुण्या-मुंबईत थोडा फरक पडेल.

रविवारी जाणार म्हणताय तर बोल्ट बाहेर काढून त्याच्या दांड्याखालच्या नंबराचा, नळी आणि रिसीव्हर मिळतो तिथल्या मार्कांचा, आणि दस्त्याच्या बुडाचा, रबर लावलंय त्याच्या कडेचा, असे तीन फोटो काढून पाठवा, फ्लॅश बंद ठेवून खिडकीच्या बाजूच्या उजेडात. दस्ता स्वतः उतरवू नका, तो मी येऊन उतरवतो. मिरजेहून निघताना फोन करा, मी कराडला येऊन थांबतो, तिथून बरोबर जाऊ.